उंबरठ्यावरची अनामत

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील सांगून गेले. गाव सोडून दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहण्याची वेळ त्या काळी फार थोड्यांवर येत असे. म्हणूनच त्यांच्या या यादीत तिसरी गोष्ट आली नसावी. आज मात्र ती जोडायला हवी : खोली पाहावी भाड्याने घेऊन. घर बांधताना निदान डोळ्यांसमोर भिंती उभ्या राहतात, लग्नात चार माणसे जेवून जातात. भाड्याच्या खोलीच्या दारात पहिली रक्कम मोजावी लागते ती अनामतीची, आणि तिच्या बदल्यात हाती काय पडते? बहुतेक वेळा पावतीसुद्धा नाही.

जून-जुलै उजाडला, की पुण्याच्या पूर्वेला सोलापूर रस्त्यावर हे दृश्य दरवर्षी दिसते. हडपसर, मांजरी, शेवाळेवाडी ओलांडून लोणी काळभोरपर्यंत एजंटांचे मोबाइल वाजू लागतात, विजेच्या खांबांवर 'मुलांसाठी रूम', 'कॉट बेसिस', 'फक्त मुलींसाठी' अशा चिठ्ठ्या डकवल्या जातात, आणि लातूर, सोलापूर, बार्शी, परभणीहून आलेली मुले पाठीवर सॅक व हातात गुंडाळलेली गादी घेऊन जिने चढू-उतरू लागतात. सोबत बहुधा वडील असतात. ते खोली कमी आणि मालकाचा चेहरा जास्त पाहत असतात. भाडे किती, पाणी किती वेळ, मेस जवळ आहे का, हे प्रश्न होतात. मग एजंट सहज बोलल्यासारखे सांगतो, "आणि डिपॉझिट पन्नास." येथवर मान डोलावणारा बाप त्या शब्दाशी थबकतो.

लोणी काळभोर हे गाव खडकवासल्याच्या कालव्याने भिजलेले, उसाचे आणि भाजीपाल्याचे. हवेली तालुक्यातल्या या गावाला रेल्वेचे स्थानक आहे, तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत, आणि महामार्गालगत टँकरच्या रांगा आहेत. राज कपूर यांच्या शेतीमुळे जी जागा 'राजबाग' म्हणून ओळखली जात होती, तिथे आता एमआयटीचे कला, डिझाइन व तंत्रज्ञान विद्यापीठ उभे आहे. शेजारी मोठे रुग्णालय आहे. थोडे पश्चिमेला गेले, की मगरपट्ट्याची आणि फुरसुंगीची आयटी संकुले, हडपसरची औद्योगिक वसाहत. शिकणारा, नर्सिंग करणारा, गोदामात माल मोजणारा, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारा, असा सगळा तरुण वर्ग या पट्ट्यात खोली शोधत असतो. २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, तेव्हा मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडी आत गेली, लोणी काळभोर बाहेर राहिले. त्याच वर्षी इथले पोलीस ठाणे मात्र पुणे शहर आयुक्तालयाला जोडले गेले. म्हणजे शहराचे पोलीस आले, शहराची भाडी आली, शहराचे डिपॉझिट आले. महापालिका तेवढी वेशीवर थांबली.

या डिपॉझिटचे ओझे नेमके किती, हे एकदा हिशेब मांडून पाहू. समजा, चार मुलांनी मिळून दोन बेडरूमचा एक फ्लॅट घेतला. भाडे महिना १६ हजार, अनामत ५० हजार, एजंटाची दलाली एक महिन्याचे भाडे. एकेकाच्या वाट्याला अनामतीचे साडेबारा हजार, पहिल्या महिन्याच्या भाड्याचे चार हजार, दलालीचे चार हजार, मेसचे आगाऊ तीन हजार, आणि गादी, बादली, कुलूप, दिवा यांचे किमान दोन हजार. बेरीज झाली साडेपंचवीस हजार. आता या चौघांपैकी एकाला नुकतीच महिना १८ हजारांची नोकरी लागली आहे असे धरा. पहिला पगार हातात यायला महिना जायचा आहे, आणि तो येण्याआधीच त्याला जवळजवळ दीड पगार मोजायचा आहे. भाडे त्याला जड नाही, कारण चार हजार तो दरमहा देऊ शकतो. जड आहे ते दार उघडण्याचे मोल.

हे पैसे येतात कुठून? कॉलेजच्या फीचा विचार घरात वर्षभर आधी सुरू होतो. तिच्यासाठी बँकेचे कर्ज असते, शिष्यवृत्तीचे अर्ज असतात, सोयाबीन विकून बाजूला ठेवलेले पैसे असतात. अनामतीचा विचार कोणी केलेला नसतो, कारण ती 'परत मिळणारी' रक्कम. शैक्षणिक कर्जात वसतिगृहाची पावती चालते. खासगी घरमालकाच्या हाती दिलेली अनामत सहसा त्यात बसत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. तिचा आधार मोलाचा आहे, पण ती रक्कम प्रवेश पक्का झाल्यावर, कागदपत्रे तपासून, वर्षाच्या ओघात खात्यावर येते. घरमालक पहिल्या दिवशी मागतो. मधली दरी मग आईच्या बचत गटातल्या कर्जाने भरून निघते, नाही तर मामाकडून हातउसने घेऊन, आणि तेही नसेल तर कानातले गहाण ठेवून. कागदावर ही रक्कम मुलाने दिलेली असते. खरे पाहता ती त्याच्या आईची ठेव असते, आणि ती कोणा अनोळखी माणसाच्या खात्यात बिनव्याजी पडून राहते.

ज्यांना हेही जमत नाही, त्यांचे काय होते? ते दिसत नाहीत, म्हणून त्यांची मोजदाद होत नाही. कोणी दौंडहून रोज रेल्वेने ये-जा करतो आणि दिवसाचे तीन तास डब्यात घालवतो. कोणी दोघांच्या खोलीत पाचवा म्हणून चटईवर झोपतो, आणि मालक आला की बाहेर जातो. मुलींना तर ही सोयही नाही. तिच्यासाठी 'सुरक्षित' जागा पाहायची म्हणून पी.जी.चा जास्तीचा दर आणि जास्तीची अनामत मुकाट्याने मान्य केली जाते. तेवढे झेपत नसेल, तर तालुक्याच्या गावचे कॉलेज काय वाईट, असे घरात हळूच सुचवले जाते. एका रकमेपायी एखाद्या मुलीची वाट अशी बदलून जाते आणि त्याची नोंद कुठेही राहत नाही.

शिकायला आलेल्या मुलाच्या डोक्यावर छप्पर हवे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. उलट हे ज्यांना सर्वांत आधी कळले, त्यांनीच इथले शिक्षण पसरवले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा बोर्डिंगला हात दिला आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांची मालिकाच उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू केले. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले, १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. त्याआधी वार लावून जेवणारी मुले होतीच. या साऱ्यांच्या मागे एकच साधी जाण होती, की शाळेचे दार उघडे असून भागत नाही, रात्री पाठ टेकायला जागाही लागते. फी माफ केली आणि राहण्याची सोय केली नाही, तर त्या माफीचा उपयोग गावातल्याच मुलाला होतो.

कामगारांनीही आपली सोय आपल्या परीने केली होती. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या स्वतःच्या खोल्या असत. गावकीची खोली म्हणत तिला. एका खोलीत पाळीपाळीने दहा-वीस माणसे झोपत, प्रत्येकाची एक ट्रंक भिंतीशी लावलेली असे, आणि जेवण जवळच्या खानावळवालीकडे. त्या जिण्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यात हाल होते, घुसमट होती, आणि जातीचीही भिंत होती. पण नवख्या पोराला तिथे अनामत द्यावी लागत नसे. तो अमक्याचा पुतण्या, तमक्याच्या वाडीतला, एवढे पुरे होई. त्याने भाड्याचा वाटा बुडवला, तर गावाकडे त्याच्या बापाला विचारणारे लोक होते. ओळख हाच जामीन होता.

अनामत आली ती ओळखीची जागा घ्यायला. शहरात कोण कोणाला ओळखतो? लोणी काळभोरमध्ये वडिलोपार्जित रान विकून आलेल्या पैशातून एखाद्या शेतकऱ्याने चार खोल्यांची चाळ किंवा दोन मजले चढवले. निवृत्त शिक्षकाने फंडाच्या पैशातून एक फ्लॅट घेतला, त्याच्या भाड्यावर औषधपाणी चालते. त्यांच्या दारात उभा राहणारा मुलगा त्यांना परका आहे. तो वीजबिल थकवून गेला तर? नळ मोडला, दार तोडले, रात्री दंगा केला तर? जागाच सोडली नाही तर? ही भीती खोटी नाही, आणि तिला इतिहासही आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले. १९७३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्या असंख्य लोकांना भाडेकरूचा हक्क मिळाला. मालकांनी त्याची धास्ती घेतली. 'एकदा दिलेली जागा गेली' हे वाक्य मध्यमवर्गीय घरांत पाठ झाले. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली, त्यामागच्या कारणांत ही धास्तीही आहेच.

तेव्हा मालक म्हणजे लुटारू आणि भाडेकरू म्हणजे गरीब गाय, असे चित्र रंगवून काही साधणार नाही. मालकाला विश्वास हवा, ही मागणी रास्त आहे. प्रश्न एवढाच, की त्या विश्वासाची किंमत किती असावी, ती कोणाकडे ठेवावी आणि ती परत कशी मिळावी. या तिन्ही प्रश्नांवर आपला कायदा गप्प आहे.

१९४७ च्या कायद्याने पागडी, अनामत असले जादा पैसे घेणे हा गुन्हा ठरवला होता. गुन्हा ठरवल्याने पागडी थांबली नाही, ती टेबलाखाली गेली. पुढे 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६ ने मालकाला अधिमूल्य किंवा अनामत घेण्याची उघड मुभा दिली. जे चालूच होते ते कायद्याने मान्य केले, यात व्यवहारीपणा होता. पण मुभा देताना तिला काठ घातला नाही. किती महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घ्यावी, याची मर्यादा नाही. जागा सोडल्यावर किती दिवसांत परत करावी, याची मुदत नाही. कशासाठी कापून घ्यावी, याची यादी नाही. हे सारे करारावर सोडले. करार हा दोन बरोबरीच्या माणसांत होतो असे कायद्याचे गृहीत असते. उद्या वर्ग सुरू होणार आहेत आणि रात्री झोपायला जागा नाही, अशा मुलाची आणि चार घरांच्या मालकाची बरोबरी कसली?

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. भाडेकरार नोंदवताना सरकार मुद्रांक शुल्क घेते. ते भाड्याच्या एकूण रकमेवर पाव टक्का असते. पण नुसत्या भाड्यावर नव्हे. परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज मिळते असे मानून, ती रक्कम भाड्यात मिळवून मग शुल्क मोजतात. वरच्या उदाहरणातल्या ५० हजारांवर वर्षाला ५ हजार धरले जातात. हिशेब चोख आहे. अनामत म्हणजे तिजोरीत निपचित पडलेली वस्तू नाही, ती मालकाला कमाई करून देते, हे सरकारला पुरते ठाऊक आहे. म्हणूनच त्या मानलेल्या कमाईवर सरकार आपला वाटा घेते. मग ज्याची ती मूळ रक्कम, त्या भाडेकरूचा वाटा कुठे आहे? व्याज मालकाचे, शुल्क सरकारचे, आणि मुद्दल परत मिळेल की नाही ही काळजी तेवढी भाडेकरूची. अनामतीची किंमत मोजायला कायदा विसरला नाही, ती परत द्यायला सांगायचे मात्र विसरला.

'अनामत' हा शब्द मुळात अरबीतल्या 'अमानत'वरून आला. विश्वासाने दुसऱ्याजवळ ठेवलेली, आणि मागताच परत करायची वस्तू, असा त्याचा अर्थ. ठेवणाऱ्याची मालकी त्यात जात नाही. गावच्या सावकाराजवळ यात्रेला निघालेली बाई पाटल्या ठेवून जाई, तशी ही ठेव. पण आज व्यवहारात तिचे रूप असे झाले आहे, की परत मागणाराच ओशाळतो आणि देणारा उपकार केल्यासारखे देतो.

चार जणांनी मिळून घेतलेल्या घरात तर हा घोळ आणखी वाढतो. करारावर नाव असते एकाचे, फार तर दोघांचे. पैसे चौघांचे. सहा महिन्यांनी एकाची नोकरी बदलते आणि तो निघतो. मालक म्हणतो, "माझा व्यवहार ज्याच्याशी झाला त्याला विचारा. तुमच्या जागी दुसरा आणा आणि त्याच्याकडून घ्या." मग जाणारा मुलगा आपल्या साडेबारा हजारांसाठी नवा गडी शोधत फिरतो. नवा मुलगा ती रक्कम मालकाला न देता जाणाऱ्याला देतो. त्याचे नाव करारात नाही, पोलिसांना दिलेल्या माहितीत नाही, पावती नाही. दोन-तीन वर्षांत त्या घरातली चारही माणसे बदलतात, पण अनामत तीच, हातोहात पुढे सरकत राहिलेली. शेवटी घर रिकामे होते तेव्हा जो असेल, त्याच्या माथी सगळ्यांचा हिशेब येतो. पहिल्याने भिंतीला ठोकलेला खिळा, दुसऱ्याने फोडलेला बेसिन, तिसऱ्याने थकवलेले वीजबिल, आणि वर 'एक महिन्याचे भाडे रंगाला' ही जुनी प्रथा. रंग खरोखर लावला का, हे पाहायला कोण जातो?

आणि दाद मागायची तरी कुठे? दहा-बारा हजारांसाठी दिवाणी दावा लावायचा, तर वकिलाची फी, तारखा आणि गावाहून पुण्याला खेपा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अशा लहान रकमांनी खरी केली आहे. म्हणून मुलांनी स्वतःच एक तोडगा काढला. शेवटचे दोन-तीन महिने भाडेच द्यायचे नाही, 'डिपॉझिटमधून वळते करा' म्हणायचे. मालक त्यामुळे पुढच्या वेळी अनामत वाढवतो. अविश्वासाला अविश्वासाने उत्तर देता देता भरडला जातो तो पुढच्या जूनमध्ये येणारा नवा मुलगा. त्याने कोणाचेच काही बुडवलेले नसते.

यातून वाट निघू शकते, हे इतरत्र दिसले आहे. जर्मनीत घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही. ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, आणि मालकाला ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून अशी अनामत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवण्याचे बंधन आले. वाद झाला तर तिथेच निवाडा होतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तर १९७७ पासून भाड्याची अनामत सरकारी मंडळाकडे ठेवण्याची पद्धत आहे. तिथले मालक काही यामुळे घरे कुलूपबंद करून बसलेले नाहीत.

आपल्याकडेही हा विचार झालेला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती असावी, आणि जागेचा ताबा परत घेताना रास्त वजावट करून ती तेव्हाच परत द्यावी, असे त्यात म्हटले आहे. वाद लवकर मिटावेत म्हणून स्वतंत्र भाडे प्राधिकरण व न्यायालयांची तरतूद आहे. मालकालाही त्यात संरक्षण आहे : मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडे भरावे लागेल. घरभाडे हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने हा मसुदा राज्यांनी स्वीकारल्याशिवाय त्याला दात येत नाहीत. उत्तर प्रदेशाने २०२१ च्या आपल्या कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा घातली. तमिळनाडूने २०१७ च्या कायद्यात तीन महिन्यांची घातली होती. जिथे दहा-दहा महिन्यांची अनामत मागण्याची जुनी रीत, त्या चेन्नईच्या राज्याला हे सुचले, तर शाहू-फुल्यांच्या महाराष्ट्राला का सुचू नये?

शिवाय महाराष्ट्राला हे सर्वांत सोपे आहे. कलम ५५ नुसार प्रत्येक भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ही नोंदणी घरबसल्या संगणकावर होते. म्हणजे नोंदलेल्या प्रत्येक करारातल्या अनामतीचा आकडा आजच सरकारच्या दप्तरी आहे. ज्या नोंदीच्या आधारे शुल्क घेता येते, तिच्याच आधारे परतफेडीची मुदतही घालता येईल. दोन महिन्यांची मर्यादा, तीन हप्त्यांची सवलत, ताबा दिल्यापासून ठरावीक दिवसांत परतफेड, आणि उशीर झाल्यास व्याज. दर कोणता? सरकारने स्वतःच मानलेला १० टक्क्यांचा दर तयारच आहे. नवे खाते उघडायला नको, नवी इमारत बांधायला नको.

यावर कोणी म्हणेल, मर्यादा घातली की मालक भाडे वाढवतील. काही वाढवतीलही. पण चार हजारांचे साडेचार हजार झाले, तर ते पगारातून फिटतात. साडेबारा हजार एकदम उभे करणे पगारातून होत नाही. गरिबाला महिन्याचा खर्च जेवढा भारी पडत नाही, तेवढी एकरकमी मागणी भारी पडते, हे शेतीवर पोट असणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर लोणी काळभोरसारख्या गावांना हात बांधून बसण्याचे कारण नाही. ओळख हा जामीन पुन्हा उभा करता येईल. जे महाविद्यालय हजारो मुलांना प्रवेश देते, ते त्यांना पुरते ओळखते : पत्ता, पालक, गुणपत्रिका सगळे त्याच्या दप्तरात असते. त्याने गरजू मुलासाठी घरमालकाला हमीपत्र दिले, तर अनामतीची गरज अर्ध्यावर येईल. कारखान्याने किंवा कंपनीने नव्या कामगाराला अनामतीपुरती उचल देऊन ती सहा पगारांत वळती करून घेतली, तर तिचे फारसे काही जाणार नाही. गावातल्या पतसंस्था दुचाकीला कर्ज देतात, त्यांनी अनामतीला द्यावे. ही रक्कम परत येणारी आहे, म्हणजे इतर कर्जांहून अधिक सुरक्षित. ग्रामपंचायतीने करारांचा एक साधा मराठी नमुना दाराशी लावला, तरी निम्मे तंटे टळतील.

आणि घरून निघालेल्या मुलांच्या पालकांनी चार गोष्टी गाठीशी बांधाव्यात. खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात घालून घ्यावे, आणि माणूस बदलला की करारही बदलावा. अनामत रोख न देता बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी, म्हणजे तारीख आणि रक्कम बोलते. ताबा घेताना भिंती, नळ, दारे, विजेचा मीटर यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत. रंग, दुरुस्ती, नोटिशीची मुदत या कलमांना आकडा लिहून घ्यावा. 'नंतर बघू' हे शब्द करारात नसतात, आणि नंतर कोणी बघतही नाही. मालक नोंदणीला टाळाटाळ करत असेल, तर त्याला नम्रपणे कलम ५५ आठवून द्यावे. नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरावे, असे त्यात लिहिले आहे, आणि कसूर करणाऱ्या मालकाला दंडाची किंवा कैदेची शिक्षाही आहे. म्हणजे नोंदणी मालकाच्याही हिताची.

दरवर्षी तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून निघून लोणी काळभोरला मुक्काम करते. त्या रात्री गावातल्या ओसऱ्या, अंगणे, शाळा वारकऱ्यांनी भरून जातात. कोण कुठल्या जिल्ह्याचा, कोणत्या दिंडीचा, हे न विचारता लोक पाणी तापवतात, पिठले-भाकरी वाढतात. एका रात्रीचा पाहुणा आणि अकरा महिन्यांचा भाडेकरू यांत फरक आहे, हे खरे. भाडेकरूला फुकट ठेवा असे कोणी म्हणत नाही. त्याने भाडे वेळेवर द्यावे, जागा नीट ठेवावी, मुदत संपली की निघावे. पण बहुधा त्याच दिवसांत, त्याच रस्त्याने, पाठीवर सॅक आणि हातात गादी घेऊन हाही येत असतो. त्याची वारी वेगळी. तिचे पंढरपूर एखादी पदवी असते, नाही तर एखादी नोकरी. त्याला दारात अडवायचे असेल तर अडवा, चार प्रश्न विचारा, कागद मागा. मात्र त्याच्या आईच्या बचत गटाचे कर्ज उंबरठ्यावर ठेवून घेताना एवढे ध्यानात असू द्या, की ती ठेव आहे, आणि ठेव परत करायची असते.